हाय म्हणजे हाय

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांच्या अंगणात दर मे महिन्यात जपान उघडायचा. उघडायचं म्हणजे काय, तर सकाळी सहाला सर लुंगी खोचून बाहेर यायचे, कबड्डीचं मैदान आखतात ती फक्की मुठीत घ्यायचे आणि फाटकापासून चार पावलांवर एक पांढरी रेघ ओढायचे. रेघेच्या अलीकडे अल्लीपूरच्या रस्त्यावरचं आमचं गाव. रेघेच्या पलीकडे जपान.

नियम मोजकेच होते. सर ते फाटकातच सांगायचे. "चपला काढा, त्याईचं तोंड भायेर करा. वाका. पासपोर्ट दाखवा. रेघेच्या इकडं वऱ्हाडी, तिकडं जपानी. एक पाय इकडं न् एक तिकडं असन, तर तोंड बंद. तवा मानूस कोन्याच देशाचा नसते."

पासपोर्ट म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. त्यावर मुलाचं नाव आणि रोज बटाट्याच्या ठशानं उमटवलेला व्हिसा. सरांचा स्वतःचा पासपोर्ट मात्र खरा होता. नागपूरला दोन खेपा घालून काढलेला आणि आतून साफ कोरा. कशाला काढला म्हणून विचारलं की म्हणायचे, "तयारी असावी." मुलांना तो हात धुऊन, पुसून, मगच बघायला मिळायचा. कोरी पानं बघायलासुद्धा पोट्टे रांग लावायचे.

आणि काय तो जपान! भिंतीवर निळीनं रंगवलेला बर्फाचा डोंगर. अंगणाच्या मधोमध रोवलेली कापसाची एक वाळकी पऱ्हाटी, तिच्या काटक्यांना डकवलेले कापसाचे बारीक पुंजके, आणि त्यांवर गुलाल शिंपडलेला. ते चेरीचं झाड. वर्धा जिल्ह्यात कापसाला काय तोटा! बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन, पत्रा तडतडतोय, आणि सर टाळी वाजवून ओरडले, "बर्फ पडून राह्यला!" की तीस पोरं दात वाजवत कुडकुडायला लागायची. एकदा कुडकुडता कुडकुडता एकाला खरंच घेरी आली. तो उन्हानं पडला होता, पण सरांनी घरी निरोप पाठवला, "थंडी बाधली." त्याचा आजा काठी घेऊन आला होता!

जेवायला तुराट्यांच्या काड्या. भाकर तर काड्यांनी मोडत नाही, म्हणून सरांनी बराच विचार करून बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात ठरवला. "गोळाभात हा मुळात जपानी लोकायसाठीच निंगाला हाय," ते म्हणायचे. "काडीनं गोळा धरा, तोंडात टाका. त्याईच्यापर्यंत पोचला नाई, एवढंच." पहिल्या दिवशी निम्मे गोळे अंगणात घरंगळायचे आणि फाटकाबाहेर बसलेलं कुत्रं रेघ ओलांडून आत यायचं. व्हिसा नसलेला तो एकटाच पाहुणा.

गावाला ही मोठी करमणूक होती. कुणी हाक मारायचं, "काय सर, जपानात पाणी आलं का नळाले?" एकदा एक बाई तरातरा फाटकाशी आली. "माह्या पोट्ट्याले धाडा ना बाप्पा भायेर, म्हशी सुटल्या!" सर रेघेच्या आत हात जोडून उभे. जपानीत काहीतरी बोलले. बाई म्हणाली, "काय म्हंते हा?" तिचाच मुलगा आतून ओरडला, "आई, सर म्हंते, राजदूताच्या मार्फत ये!"

सरांचा खरा जीव मात्र एका सिद्धांतात होता. जपानी आणि वऱ्हाडी या सख्ख्या बहिणी आहेत, लहानपणी जत्रेत ताटातूट झालेल्या. पुरावे त्यांच्याकडे तयार असायचे. "जपानी मानूस हो म्हनाले काय म्हंते? हाय! आपन काय म्हंतो? हाय! त्याईचं नाई म्हंजे नाइ, आपलंबी नाई. ते सवाल पुसतेत तर शेवटी 'का' लावतेत. आपन काय लावतो? का! नवल वाटलं का ते म्हंतेत, आरे! आता सांगा, पुन्याच्या मानसाले सोपी जाईन ही भाषा, का आपल्याले?" मग सगळा वर्ग एका दमात म्हणायचा, "हाय म्हणजे हाय! नाई म्हणजे नाई!" अंगावर काटा यायचा. मी तिथं फक्त हजेरीवही घेऊन बसलेली असायचे, तरी यायचा.

हे वेड त्यांना लहानपणीच लागलेलं. वर्ध्याच्या रस्त्यानं डफ वाजवत जाणाऱ्या एका जपानी भिक्षूच्या मागे ते दोन कोस चालत गेले होते. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती, पण बुद्धाचा माणूस एवढ्या लांबून चालत येतो हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भिक्षूनं त्यांना एक पुस्तक दिलं. हिंदीतून जपानी शिकवणारं. त्या पुस्तकावर सरांनी आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. जपानी पुस्तकं आपल्या शेवटच्या पानाकडून उघडतात हे कुठूनसं कळल्यापासून तर ते सगळंच शेवटून वाचायला लागले. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, मुलांचे पेपर. लग्नपत्रिकेतले "आपले नम्र" आधी आणि नवरानवरी मागून.

मी त्या शाळेत नव्वदीच्या शेवटी इंग्रजी शिकवायला लागले. वय चोवीस. सेलूला वडिलांचं किराणा दुकान. घरात सगळेच बोलणारे, म्हणून माझ्या वाट्याला ऐकणं आलं. स्टाफरूममध्ये मला घुमी म्हणत. सर तेवढे म्हणायचे, "मॅडम घुम्या नाईत. जपानी हायेत. मनातलं मनात ठेवतेत." माझ्या गप्प राहण्याचं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. हे लक्षात ठेवावं. पुढे मी जे केलं, ते गप्प राहूनच केलं.

सरांची इंग्रजी पत्रं मी लिहायचे. जपानातल्या डोंगरातल्या एका खेड्यात दर उन्हाळ्यात देशोदेशीची मुलं बोलावतात, तीन आठवडे शेतकऱ्यांच्या घरी ठेवतात, सोबत शेतात नेतात, सणात नाचवतात, असं सरांच्या वाचनात आलं होतं. हा कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंना आम्ही तीन वर्षं पत्रं टाकत होतो. मजकूर सरांचा, इंग्रजी माझं. तिसऱ्या वर्षी उत्तर आलं: एक मूल आणि सोबत एक मोठं माणूस यांची जागा आहे, मे महिन्यात मी भारतात येते आहे, तुमचं शिबिर पाहीन आणि ठरवीन.

सरांनी ते पत्र शेवटून ऐकलं. म्हणजे मला आधी सही वाचायला लावली, मग वर वर सरकत आलो. "ठरवीन" पर्यंत पोचलो तेव्हा ते उठून हौदावर गेले आणि तोंडावर पाणी मारून घेत राहिले.

मुलाचं ठरायला वेळ लागला नाही. प्रज्ञा, सहावीतली. आईबाप दोघं निंदणाला, पण पोरीची जीभ अशी की ऐकलेला शब्द परत सोडायची नाही. सोबत कोण जाणार हा तर प्रश्नच नव्हता. पत्रासोबत आलेला फॉर्म मी भरला. सोबतच्या माणसाच्या नावाची ओळ आली तेव्हा मी सरांचं नाव लिहायला पेन टेकवलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांबा मॅडम. ते कोरं ठेवा."

"काऊन सर?"

"आपलं नाव आपनच पुढं करनं हे जपानी रीतीत बसत नाई. त्या पुसतीन. मग मी हो म्हनीन."

ओळ कोरी राहिली.

त्याच दिवसांत सरांनी ते पुस्तक माझ्याकडे बांधायला दिलं. सेलूला आमच्या दुकानाशेजारी बाइंडर होता. पुस्तकाची शेवटची पानं एका पावसाळ्यात भिजून एकमेकांना चिकटली होती. सरांनी ती कधी ओढली नाहीत, फाटतील म्हणून. मी घरी चहाच्या वाफेवर धरून ती सोडवली. त्यांत एक धडा होता: नकारातल्या प्रश्नांची उत्तरं. "तुम्ही जाणार नाही का?" असं जपानी माणसानं विचारलं, आणि जायचं नसेल, तर तो म्हणतो "हाय", म्हणजे "बरोबर, जाणार नाही." जायचं असेल तर उलट, "नाही, जाणार आहे," असं म्हणावं लागतं. प्रश्नात नाई आलं, की हाय म्हणजे हाय राहत नाही.

म्हणजे सरांचा सिद्धांत त्या एका पानावर कोसळत होता. मी पेन्सिलनं खूण केली आणि समासात लिहिलं, "सरांना सांगणे." खाली तारीख. मास्तरकीची सवय.

पण सांगणार कसं? पाहुणी तोंडावर आलेली. मे उजाडल्यापासून अंगणात तीस मुलं घसा फोडून "हाय म्हणजे हाय" घोकत होती. म्हटलं, बाई येऊन जाऊ दे, मग सांगू. इथपर्यंत माझ्या मनात पाप नव्हतं. हे मी स्वतःला सूट म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगते.

बाई आल्या तो दिवस! हायवेवरच्या जाम चौकात त्यांची जीप दिसली की निरोप द्यायला सरांनी सायकलवर माणूस बसवला होता. गावातल्या बायका सडा घालून दारात उभ्या. जीप थांबली, बाई उतरल्या, लहानशा, पांढरे केस, डोक्याला टॉवेल. फाटकाशी येऊन त्यांनी रेघ पाहिली, माना खाली घालून उभी मुलं पाहिली, आणि कुणी न सांगता चपला काढून त्यांचं तोंड बाहेर केलं. सरांनी त्यांच्याही हातावर बटाट्याचा ठसा मारला! बाई एवढ्या हसल्या की तोंड दोन्ही हातांनी झाकून घ्यावं लागलं. पऱ्हाटीच्या चेरीपाशी मात्र त्या थांबल्या. एक पुंजका बोटानं दाबून पाहिला. बोट गुलाबी झालं, ते पुसलं नाही.

प्रज्ञानं तर कमाल केली. नाव, गाव, आई काय करते, सगळं जपानीत. बाई हळूहळू विचारत होत्या आणि ती पटापटा देत होती, आणि प्रत्येक उत्तराला फाटकाबाहेरचं गाव टाळ्या वाजवत होतं. काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं आणि सगळ्यांना कळत होतं.

मग बाईंनी फॉर्म काढला. वरून बोट फिरवत कोऱ्या ओळीवर आल्या. सरांकडे पाहिलं आणि जपानीत विचारलं,

"सेन्सेइ वा इकानाइ नो देस् का?"

सर, तुम्ही जाणार नाही का?

सरांनी 'नाइ' ऐकलं, 'का' ऐकलं. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न आणि तोही जवळजवळ वऱ्हाडीत! जायचं नाई का? ते कमरेत वाकले आणि त्यांच्या तोंडून कारंज्यासारखं निघालं, "हाय! हाय! हाय!"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनीही वाकून नमस्कार केला. बरोबर, मी जाणार नाही, असं त्या माणसानं तीनदा सांगितलं होतं. मग त्या माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "सर येत नाहीत म्हणतात. मुलीसोबत कुणीतरी हवं. तुम्ही याल?"

अख्ख्या अंगणात एकट्या मलाच दोन्हीकडचं समजत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी तोवर नागपूरच्या पुढे गेले नव्हते. घरी स्थळ ठरत आलं होतं, दिवाळीनंतर कुठल्यातरी दुकानाच्या गल्ल्यामागे मी बसणार होते. आणि समोर जपान उभा राहून मला विचारत होता. मी "येस" म्हटलं. आयुष्यात कशालाच इतक्या लवकर उत्तर दिलं नव्हतं.

"काय म्हंतेत?" सरांनी विचारलं. चेहरा नुसता उजळलेला.

"पत्र पाठवतो म्हणतात." तेही खरंच होतं.

पत्र यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत सरांनी अल्लीपूरच्या टेलरकडून पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट शिवून घेतले. रोज एक चक्कर पोस्टात. प्रज्ञाच्या आईला सांगायचे, "मी हावो ना सोबत, तुमी झोपा बिनधास्त." मी ऐकत होते. रोज म्हणत होते, उद्या सांगू.

पत्र आलं. त्यात माझं नाव. मी वाचून दाखवलं आणि वर माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, "मुलीसोबत बाईमाणूसच पाहिजे, असा त्यांचा नियम आहे."

सर ओट्यावर बसले होते. शर्टाच्या नव्या बाह्या त्यांनी उगाच खाली ओढल्या. मग म्हणाले, "बराबर हाय. पोरीची जात. माह्याच ध्यानात यायले पायजे होतं." थोड्या वेळानं परत उजळले. "मॅडम, एक काम करजा. तिथं कोन्या म्हाताऱ्या कास्तकाराले सवाल पुसाले लावजा. न् 'का' शेवटीच येते का, तेवढं आपल्या कानानं आयकून येजा. पुस्तकाचा काय भरोसा."

जपानाबद्दल लिहायचं तर हा लेख पुरायचा नाही. डोंगराच्या पायऱ्यांवर धानाची शेतं, झाडाझाडांतून किर्र ओरडणारे किडे, कमरेत वाकलेल्या म्हाताऱ्या, आणि आमच्या यजमान आजोबांच्या दारातसुद्धा चपलांची तोंडं बाहेर! प्रज्ञा पहिल्या दिवशी दारातच ओरडली, "मॅडम, हे तं सरायचं घर हाय!" त्या आजोबांनी तिला पहिला प्रश्न विचारला आणि ती जागच्या जागी उडी मारून म्हणाली, "का आला! मॅडम, का आला! शेवटीच आला!" मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडू. तिला वाटलं आनंदानं.

तिसऱ्या दिवशी जेवताना आजोबांनी तिला विचारलं, "मो ताबेनाइ नो का?" आणखी खाणार नाहीस का? प्रज्ञानं जोरात सांगितलं, "हाय!" आजोबांनी मान डोलावून वाडगा उचलून नेला. पोरगी आ वासून बघत राहिली. रात्री तिची समजूत घालताना मी बोलून गेले, "प्रश्नात नाई आलं की इथं हाय उलटं होतं गं."

परत आल्यावर तिनं हा किस्सा शाळेत साभिनय सांगितला. "हाय म्हन्लं न् माही वाटीच गेली! मग मॅडमनं सांगतलं, नाई आलं का हाय उलटं होते." सगळे लोळून हसले. सर सगळ्यांत जास्त हसले. मग एकदम थांबले. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. इकानाइ नो देस् का. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिथंच समजलं असन ना मॅडम हे तुमाले?"

मी होकाराची मान हलवली. पळवाट त्यांनीच करून दिली होती, मी फक्त निघून गेले. त्यानंतर दोन दिवस ते ड्रॉइंगच्या तासाला आले आणि मुलांना डोंगर काढायला सांगून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत म्हणाले, "चूक माहीच हाय. अर्धंच पुस्तक वाचलं."

बाइंडरकडून पुस्तक दिवाळीनंतर मिळालं. मी ते तसंच कागदात गुंडाळून सरांना नेऊन दिलं. समासातली पेन्सिल माझ्या डोक्यातून पार गेली होती. कदाचित गेली नसेलही. पुढच्या वर्षी तिकडचा कार्यक्रमच बंद झाला, तसं बाईंचं पत्र आलं. सरांना परत कुणी विचारलं नाही.

तरी मे महिन्यात फक्कीची रेघ पडलीच. ठरत आलेलं स्थळ मागेच पडलं होतं, म्हणून मीही हजेरीवही घेऊन पोचले. आतून मुलांचा नवा घोष ऐकू येत होता. "हाय म्हणजे हाय! पन नाई आलं तर थांबून पाय!" सरांनी सिद्धांताला शेपूट जोडलं होतं, आणि तेवढ्याच आवेशात शिकवत होते. मी एक चप्पल काढली, पाय आत टाकला, दुसरी काढायला वाकले, तर सर समोर. हातात पुस्तक, चिकटलेला तो धडा उघडलेला. अर्थात ते शेवटूनच वाचत आले असणार. समासात माझं अक्षर, गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली तारीख. बाई येण्याआधीची.

आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मॅडम, हे पान तुमाले माहीत नाई का?"

आणि मी म्हटलं, "हाय."

सरांनी खाली माझ्या पायांकडे पाहिलं. एक रेघेच्या आत, एक बाहेर. आतल्या पायाची भाषा धरली तर मी म्हणाले होते, बरोबर, माहीत नाही. बाहेरच्या पायाची धरली तर, माहीत आहे. त्यांच्याच नियमानं मी त्या वेळी तोंड बंद ठेवायला हवं होतं. त्यांनी उलटून विचारलं नाही. पुस्तक मिटलं, बटाटा उचलला आणि माझ्या पुठ्ठ्यावर व्हिसाचा ठसा मारला. म्हणाले, "या आत. बर्फ पडून राह्यला."

त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. प्रज्ञा आता पुण्यात जपानी शिकवते. सरांचा पासपोर्ट कोराच संपला. ते गावातच असतात, चष्मा बदलला आहे, आणि हाती येईल ते वाचतात. हेही वाचतील. ते सगळं शेवटून वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम एक वाक्य इथं शेवटी ठेवलं आहे, त्यांना आधी सापडेल असं.

सर, तो हाय मी बाहेरच्या पायानं म्हटला होता.